लेकरांना अहो म्हणणारे मारोतराव

मारोतराव दोन वर्षांच्या लेकरालाही अहो-जाहो करत. नाक गळतंय, चड्डीचा पत्ता नाही, हातात अर्धं बिस्किट, अशा असामीसमोर ते उकिडवे बसत आणि विचारत, "तुमचं नाव काय जी?" लेकरू भोकाड पसरायचं. "बरं जी, मंग सांगा सवडीनं," म्हणून मारोतराव तिथंच वाट पाहत बसायचे.

आदिलाबादच्या बालकल्याणाच्या हापिसात मी टायपिस्ट होते आणि ते समुपदेशक. मूळचे सीमेवरच्या बेल्याकडचे. आधी ते चारचौघांसारखेच होते. परदेशी जाऊन आले आणि बिघडले, असं आमचा शिपाई म्हणे. मुलाबाळांसाठी, कुटुंबांसाठी काम करणाऱ्या देशोदेशींच्या लोकांनी एकमेकांकडे जायचं, तिथल्या घरात राहायचं, तिथलं काम बघायचं, अशी एक योजना होती. आमच्याकडून कोणी निघेना. एकाला थंडीची भीती, एकाच्या घरी लग्न. शेवटी मारोतराव मोडक्या इंग्रजीवर पाच आठवडे फिनलंडला राहून आले.

सगळ्यांनी बर्फाचं विचारलं. त्यांनी एकच गोष्ट सांगितली. "सहा वर्षांची पोट्टी होती. मोठमोठे साहेब बसलेले. तिले विचारलं, तुले कोणापाशी राहायचं? ती बोलेना. तर सगळे चूप. चांगला पाव घंटा! कोणी खाकरलंबी नाही जी."

तेव्हापासून कोणताही कागद पुढं आला की पहिला सवाल, "लेकराले विचारलं का?" तामसी गावात एका बारशाला गेले आणि पाळण्यात वाकून म्हणाले, "नाव पसंत आहे ना जी?" बाळाची आत्या जी रुसली, ती जेवलीच नाही.

मग आमच्या एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. हापिसातली कपाटं वाटली, खुर्च्या वाटल्या, पंखे वाटले, शेवटी माणसं. त्या वाटणीत सुमन आणि रेणूही सापडल्या.

या दोघी बहिणी. आई वारलेली, बाप कामाला म्हणून गेला तो परतलाच नाही. तीन वर्षांची रेणू आदिलाबादच्या शिशुगृहात, आणि नऊ वर्षांची सुमन दूरच्या एका मुलींच्या वसतिगृहात. दर रविवारी मारोतराव हापिसच्या जीपमधून सुमनला धाकटीकडे आणत. आता ते वसतिगृह दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. सुमनची फाइल तिकडे, जीप इकडे.

सुमनला आदिलाबादेत आणावं म्हणून मारोतरावांनी दरख्वास्त लिहिली. ती टाइप मीच केली. अर्जदाराच्या जागी त्यांनी सांगितलं, "सुमनताई, वय वर्षे नऊ."

साहेब हसले. "मारोतराव, ये ताई कौन है?"

"जिचं काम आहे, ती जी," मारोतराव मराठीतच म्हणाले.

महिन्याभरानं उत्तर आलं. आदिलाबादेत जागा नव्हती. त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच.

त्या दिवसांत जो तो आदिलाबादेतच राहायला धडपडत होता. कोणी आजारी आईचा दाखला आणला, कोणी स्वतःच्या कंबरेचा. मारोतरावांनी एकट्यानं उलटा अर्ज दिला: मला नव्या जिल्ह्यात पाठवा. रिटायर व्हायला दोन वर्षं होती, स्वतःचं घर इथं होतं.

"काऊन?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"तिकडं कामाची लई गरज आहे," म्हणाले आणि ड्रॉवर आवरत राहिले.

बदलीसाठी कोणाकोणाच्या सह्या मिळवण्यात पाच महिने गेले; तोवर बहिणींची भेट नाही. मग बदली झाली आणि एका रविवारी ते सुमनला घेऊन बसनं आले. शिशुगृहात कागदाचं काम होतं म्हणून मीही गेले होते. सुमननं वेणीला लाल रिबीन बांधली होती. रेणूसाठी मुरमुऱ्याचा लाडू आणला होता.

रेणूनं तिला पाहिलं आणि आयाबाईच्या पदराआड लपली.

"रेणू, मी हावो ना," सुमन म्हणाली. रेणूनं तोंड आतच ठेवलं. सुमननं लाडू खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. रडली नाही.

मारोतराव बाहेर व्हरांड्यात आले. मी पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

"मलेबी पोरगी आहे," ते म्हणाले. अठरा वर्षं एका हापिसात काढली, मला माहीत नव्हतं. "बायको गेली तवा चार वर्षांची होती. मी नोकरीवाला माणूस. पांढरकवड्याले साळीपाशी ठेवली. म्हटलं, लहान आहे, तिले काय समजते. सहा महिन्यानं गेलो तर मावशीच्या मागं लपली. मले राग आला जी. मंग मी जाणंच कमी केलं."

"आता?"

"मागच्या साली लगन झालं. पत्रिका आली होती. मी गेलो, जेवलो. तिनं पाया पडून विचारलं, काका, गाडी भेटली का वेळेवर?"

आतून आयाबाईनं हाक मारली. आम्ही गेलो. रेणू अजून लांबच होती, पण लाडू फोडून खात होती आणि सुमन तिच्या अंगावरचे मुरमुरे वेचत होती.

पाचच्या गाडीनं सुमनला परत जायचं होतं. मारोतराव साडेचारपर्यंत हलले नाहीत. मग सुमनला म्हणाले, "आजची रात आपण माझ्या घरी राहू. सकाळी पुन्हा येऊ. मी वसतिगृहात फोन करून इजाजत मागतो."

सोमवारच्या रजेचा अर्ज त्यांनी तिथंच, शिशुगृहाच्या टेबलावर लिहिला.