करकरीचा बंदोबस्त

मितालीच्या अ‍ॅम्प्लिफायरमधली करकर चंद्रहासने बुधवारी दुपारी बंद केली. गुरुवारी सकाळी तिची बारावीची संगीताची प्रात्यक्षिक परीक्षा होती. हेतू चांगला होता, हे घरात नंतर कुणी नाकारलं नाही. त्याचा उपयोगही झाला नाही.

रेल्वेच्या डब्यांतले नको ते आवाज शोधून बंद करणं, हा चंद्रहासचा पेशा. कुठल्या पत्र्यामागचा कुठला स्क्रू खुळखुळतोय, हे तो डोळे मिटून सांगतो. अशा माणसाच्या गिरावीन या उपनगरातल्या गॅरेजमध्ये एक फाटका स्पीकर वर्षभर करकरत होता. तो अ‍ॅम्प मितालीने शेजारच्या पेंडल हिलच्या एका म्हाताऱ्याने मांडलेल्या जुन्या सामानाच्या गॅरेज सेलमधून हौसेने आणला होता. चंद्रहासने इतके दिवस कळ काढली, हेच विशेष. बुधवारी तो घरून काम करत होता आणि नेमकी मीटिंग रद्द झाली. त्याने स्पीकरचा चिरलेला कागदी पडदा पातळ कागद आणि गोंद लावून सांधला, सैल स्क्रू आवळले, गिटारची उतरलेली जाड तार चढवून सुरात आणली आणि जाता जाता सगळं ओल्या फडक्याने पुसूनही काढलं.

शाळेतून आल्यावर मितालीने तार छेडली. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणावळीच्या मागे वाजतो तसा गोड, आज्ञाधारक आवाज आला.

"बाबा, व्हॉट डिड यू डू?"

"सरप्राइज! सगळं नीट करून टाकलं."

"यू फिक्स्ड इट?" हे तिने अशा आवाजात विचारलं की तिची आई यामिनी तव्यावरची पोळी तशीच सोडून गॅरेजमध्ये आली.

"अगं, फाटला होता तो स्पीकर."

"फाटलेलाच हवा होता! माझा टॉपिकच तो आहे, ग्रंज रॉक कुठून आलं. सिक्स्टीजमध्ये गॅरेजमधली पोरं स्पीकरला ब्लेड मारायची. मग पंकवाले आले, मग मेटलची ती स्लो, जड चाल. आणि आपल्या इथल्या पबमधले बँड्सपण! सिएटलच्या ग्रंजवाल्यांनी त्यांच्या रेकॉर्डी ऐकून ऐकून झिजवल्यात. मी लिहून दिलंय, 'नो इफेक्ट पेडल्स. वस्तूच बिघडवून काढलेला आवाज.' एक्झामिनर तेच ऐकायला बसणार आहे."

"बरं, पण ती जाड तार? ती तर पार उतरली होती."

"मी उतरवली होती!"

"नो वरीज," चंद्रहास म्हणाला. "जोडलेलं तोडायला कितीसा वेळ लागतो?"

पण गोंदही त्याने निवडून आणलेला होता. ठिगळ सुटलं ते अख्खा पडदा घेऊनच. आता अ‍ॅम्प नुसता फुसफुसत होता.

"शाळेत असतील ना अ‍ॅम्प?"

"आहेत. ब्रँड न्यू. स्पॉटलेस." मिताली उलट्या क्रेटवर मटकन बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून चंद्रहासने हातातला स्क्रूड्रायव्हर पाठीमागे लपवला.

यामिनी शनिवारी घरी गाण्याचे क्लास घेते. ती चंद्रहासकडे वळली.

"एक विचारू? माझ्या तंबोऱ्यासाठी तू मिरजेला खेपा घातल्यास. तारा पुरेशा झणकारत नाहीत म्हणून त्या कारागिराशी भांडलास. तेव्हा नाही रे वाटलं, ही करकर बंद करून टाकावी?"

"ती जवारी आहे, यामिनी. करकर नाही."

"अस्सं."

एवढं बोलून ती आत गेली आणि जवारीसाठी तंबोऱ्याच्या तारांखाली सरकवतात तो सुती दोरा घेऊन आली. मितालीने जाड तार पुन्हा उतरवली.

"अगं, या जाड तीन तारा सा-प-सा लागल्यात की!"

"इट्स कॉल्ड ड्रॉप डी, आई."

"असेल. आमच्यात तंबोरा म्हणतात."

गिटार यामिनीच्या क्लासमधल्या स्वच्छ स्पीकरला जोडली. गिटारच्या तारांखाली दोरा नेमका कुठे बसवायचा, हे मात्र दोघींनाही जमेना. शेवटी चंद्रहास वाकला. केसभर पुढे, केसभर मागे. जन्मभर करकर शोधून मारणारा माणूस आज पहिल्यांदाच ती जन्माला घालत होता.

"मोर डर्टी, बाबा."

"थांब गं, घाई नको. घाण कशी नीट झाली पाहिजे."

तव्यावरच्या पोळीचा कोळसा झाला तेव्हा गॅरेजच्या पत्र्याचं दार थरथरायला लागलं होतं. मिताली हसली. चंद्रहासने, खातरजमा म्हणून, तिला तेच पुन्हा वाजवायला लावलं.

गुरुवारी परीक्षेच्या खोलीबाहेर तो आणि यामिनी बसले होते. आतून शाळेच्या नव्या अ‍ॅम्पवर पहिला तुकडा सुरू झाला तसा कॉरिडॉरच्या टोकाकडून शाळेचा टेक्निशियन धावत आला. हाफ पँट, हातात टूलबॉक्स.

"सॉरी, मेट. हा अ‍ॅम्प नवा कोरा आहे, असा कसा बिघडला कळत नाही. तुकडा संपला की आत जातो. दोन मिनिटांचं काम."

त्याच्या डोळ्यांतली चमक चंद्रहासने ओळखली. रोज दाढी करताना तो ती पाहत होता. तो उठला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

"नाही."

"पण करकरतंय!"

"हो. मीच केलंय ते."

टेक्निशियनने यामिनीकडे पाहिलं. 'हे बरे आहेत ना?' असा तो चेहरा. यामिनीने खिडकीबाहेरचं निलगिरीचं झाड मन लावून पाहायला घेतलं.

आतला आवाज थांबला. काही प्रश्न, मितालीची भराभर उत्तरं, मग शांतता. टेक्निशियनचा हात चंद्रहासच्या बगलेखालून दाराच्या मुठीकडे सरकला. तेवढ्यात दार आतूनच उघडलं आणि चंद्रहास पाठमोराच आत कलंडता कलंडता सावरला आणि वळला. चष्मा कपाळावर चढवलेल्या परीक्षकबाई समोर उभ्या होत्या.

"हा आवाज कुणी केला?"

"यांनी!" टेक्निशियन तत्परतेने म्हणाला. "मी दुरुस्त करायला आलो होतो, मॅडम. हे आतच जाऊ देईनात."

बाईंनी चंद्रहासकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"असेच दार अडवून उभे राहा," त्या म्हणाल्या. "मला तो पहिला भाग पुन्हा ऐकायचाय."

आणि त्यांनी दार लावून घेतलं.