सतरा घड्याळं आणि पस्तीस मिनिटं

तुम्हाला म्हणून सांगतो, बंद घड्याळ माझ्या हातात आलं आणि चालू न होता परत गेलं, असं बावीस वर्षांत एकदाही झालेलं नाही. त्यामुळे आमचे आठ महिन्यांचे चिरंजीव दुपारी मोजून पस्तीस मिनिटं झोपतात आणि छत्तिसाव्या मिनिटाला भोंगा लावतात, हे लक्षात आल्यावर मी बायकोला छातीठोकपणे म्हणालो, "यंत्रच ते. कुठेतरी अडतंय. माझ्यावर सोड."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. आठ महिन्यांत तिला एकदाही निवांत केस विंचरायला मिळाले नव्हते, त्यामुळे त्या पाहण्यात आदर असा काही नव्हता.

"गुरुवारी दोन वाजता फोन आहे," ती म्हणाली. "तासभर बोलायचंय. एवढं लक्षात ठेव."

माझी बायको नकाशे काढते. म्हणजे बाळ व्हायच्या आधी काढायची. एका कचेरीत घरबसल्या नकाशे काढायचं काम निघालं होतं आणि तिथल्या मुख्य बाई फोनवर तिची मुलाखत घेणार होत्या. असं काम पुन्हा निघेल याचा भरवसा नव्हता. आणि चिरंजीव जागेपणी आईशिवाय कुणाकडे जात नाहीत. मी घेतलं तर मी त्यांना पळवून नेतोय असं वाटावं, इतके ओरडतात. थोडक्यात, झोप हवी होती तासाची आणि हातात होती पस्तीस मिनिटं.

आमचं पुढे घड्याळदुरुस्तीचं दुकान, मागे दोन खोल्या आणि मध्ये एक दार. चिरंजीवांचा डोळा लागला की मी चवड्यांवर येऊन ते दार अलगद लावायचो. मग घरात कुणी चमचाही वाजवायचा नाही, हा माझा कडक नियम. बाळ झाल्यापासून सासूबाई आमच्याकडे आहेत आणि त्यांना बोलायची भारी हौस. दार लागलं की त्या सुरू व्हायच्या, "जावईबापू, मी काय म्हणते..." की मी ओठांवर बोट ठेवायचो. "शू!" बिचाऱ्या गप्प बसायच्या.

सोमवारी मी कामाला लागलो. चावी पुरती भरलेली नसेल, असं माझं निदान. म्हणून सकाळभर चिरंजीवांच्या पुढे पुढे रांगलो आणि त्यांना मागे रांगायला लावलं. दुपारी ते पस्तीस मिनिटं झोपले. मी दोन तास झोपलो. मंगळवारी खिडकीला काळं कापड लावून खोलीत अंधार केला. चिरंजीव पस्तीस मिनिटांनी उठले आणि मी बादलीवर आपटलो. बुधवारी मात्र डोळ्याला भिंग लावून पाळण्याशेजारीच ठाण मांडलं. चौतीस मिनिटं काही नाही. पस्तिसाव्या मिनिटाला दुकानातल्या मोठ्या घड्याळाने दीडचा टोला दिला आणि चिरंजीवांनी डोळे उघडले. सापडला चोर!

गुरुवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मी घरातली आणि दुकानातली सगळी मिळून सतरा घड्याळं बंद केली. लंबक थांबवले, सेल काढले, मनगटावरचंही थांबवून खिशात टाकलं. बायकोचा आणि माझाही फोन मध्येच वाजायला नको म्हणून दोन गोधड्यांत गुंडाळून पेटीत ठेवला. दोनला पाच कमी असताना काढून देतो, काळजी करू नकोस, असं वर सांगितलंही.

त्या दिवशी चिरंजीव झोपता झोपेनात. आईच्या बटा धरून चौफेर बघत राहिले. शेवटी कसेबसे कलंडले. मी दार लावलं. सासूबाईंनी तोंड उघडलं, मी बोट ठेवलं. घर इतकं शांत झालं की सासूबाईंचा आवंढाही ऐकू आला.

थोड्या वेळाने बायकोने खुणेने विचारलं, किती वाजले? मी भिंतीकडे पाहिलं. एक दहा. खूप वेळ आहे, असं मी खुणेनेच सांगितलं. बऱ्याच वेळाने तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा पाहिलं. एक दहा. आज वेळ फारच सावकाश चाललीय, असं वाटून मला बरंसुद्धा वाटलं.

मग डोक्यात प्रकाश पडला.

धावत दुकानात गेलो आणि खण उघडला. आत चाळीस मनगटी घड्याळं आणि चाळीस वेगवेगळ्या वेळा. खरी वेळ सांगत असती तर दुरुस्तीला कशाला आली असती? समोर सायकलवाला पंक्चर काढत होता. त्याला वेळ विचारली. त्याने आधी माझ्या दुकानाच्या पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दोन बारा," तो म्हणाला. "सगळं ठीक आहे ना?"

तेवढ्यात आतून भोंगा झाला. आज तर नेहमीची पस्तीस मिनिटंही झाली नसावीत!

मी आत पोचलो तोवर बायकोने कडेवर चिरंजीवांना घेऊन पेटी उपसली होती. तीन फोन येऊन गेले होते. ती मला बोलली असती तर बरं वाटलं असतं. ती पेटीवर बसली आणि एवढंच म्हणाली, "गेलं." मला इतकं वाईट वाटलं की माझ्यातला घड्याळजी जागच्या जागी मेला.

"तू लाव परत फोन," मी म्हणालो आणि किंचाळणाऱ्या चिरंजीवांना उचलून दुकानात आलो. काय करावं सुचेना. एका हाताने त्यांना धरलं आणि दुसऱ्या हाताने, निव्वळ सवयीने, मोठ्या घड्याळाचा लंबक हलवला.

चिरंजीव थांबले. हुंदका गिळून ऐकू लागले.

मी दुसरं घड्याळ चालू केलं. तिसरं केलं. नवव्याला त्यांनी माझ्या खांद्यावर मान टाकली, तीही माझ्या! दुकानातलं शेवटचं घड्याळ सुरू झालं तेव्हा ते गाढ झोपले होते. हात रिकामा नसल्याने मधलं दार तसंच उघडं राहिलं होतं. त्यातून बायकोचं बोलणं ऐकू येत होतं. मुख्य बाई फोनवर आल्या होत्या. मध्येच मोठ्या घड्याळाने टोला दिला, मी डोळे मिटून घेतले, पण चिरंजीवांची पापणीही हलली नाही. बाईंनी हा आवाज कसला म्हणून विचारलं असावं, कारण बायकोने त्यांना पेटीसकट सगळं खरं खरं सांगून टाकलं. घरात सतरा घड्याळं असल्यामुळे उशीर झालेलं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं म्हणे. त्या पोट धरून हसल्या आणि नंतर तासभर नकाशांवर बोलल्या. सोमवारपासून काम सुरू!

बायको दारात येऊन हसली. आठ महिन्यांनी असं हसू पाहिलं. खांदा बधिर झाला होता, तरी मला कमालीचं सुख वाटलं. चिरंजीव अजून झोपलेलेच होते. सायकलवाल्याच्या घड्याळाप्रमाणे एकूण दोन तास पाच मिनिटं झोपले.

ती दार लावू लागली, तर सासूबाई पाट घेऊन उंबऱ्यातच बसल्या.

"उघडं राहू दे," त्या हळूच म्हणाल्या. "पोटात असल्यापासून ही टिकटिक ऐकतंय लेकरू. तिच्यावरच झोपतं. तुम्ही दार लावता, ती ऐकू येईनाशी होते, मग जरा झोप चाळवली की दचकून उठतं. आठ महिने हेच सांगायला बघतेय मी."

"अहो, मग सांगायचं नाही का!" माझा आवाज चढला.

सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"शू."