भिकाजीची गाडी आणि आबांचे गुडघे

एका जंगलात रस्ता आला. रस्ता आला म्हणून गतिरोधक आले, आणि गतिरोधकांवरून जायला काहीतरी हवे म्हणून शेवटी गाड्या आल्या. हा क्रम उलटा आहे असे तुम्हाला वाटेल. पण मुलांनो, तुम्ही अजून ग्रामपंचायत पाहिलेली नाही.

त्या जंगलात भिकाजी नावाचा एक तरस राहत होता. तरस तुम्ही चित्रात पाहिला असेल. पुढून उंच आणि मागून आखूड. समोरून बघावे तर स्वारी मोहिमेवर निघालेली वाटते, आणि मागून बघावे तर बसलेली. भिकाजीला या गोष्टीची मनातून लाज वाटे. म्हणून तो चारचौघांत शक्यतो गाडीतूनच येई.

गाडी साधी होती. पांढरी, बेताच्या उंचीची, बेताच्या टायरांची. तिच्यात एकच गुण होता. भिकाजीचे वडील, म्हणजे आबा, दाराकडे पाठ करत, अलगद मागे टेकत, की सीट बरोबर त्यांच्याखाली येई. मग ते एकेक पाय उचलून आत घेत. आबांचे गुडघे आखडले होते, पण या गाडीत बसताना त्यांना कोणाचा हात लागत नसे.

घाटापलीकडे, दोन कोसांवर, वैद्यीणबाई अस्वल राहत. त्यांचा मुळ्यांचा आणि मधाचा लेप नामांकित होता. त्यांचा नियम असा, की दर सोमवारी एक, असे एकवीस लेप लावायचे. उन्हे डोक्यावर यायच्या आत यायचे. एक सोमवार चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आबांचे अठरा लेप झाले होते. आता ते भिंत न धरता उठू लागले होते. उरले होते फक्त तीन.

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण अठराव्या सोमवारी परतताना भिकाजी पारापाशी थांबला. तिथे लांडग्याची नवीन गाडी उभी होती. टायर असे रुंद, की शेजारून पायी जायलाही जागा नव्हती. सगळे जंगल तिच्याभोवती गोळा झाले होते. भिकाजीच्या गाडीकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. एका बोकडाने तिला अंग घासले, आणि ती गाडी आहे हे कळल्यावरही तो घासतच राहिला.

भिकाजीला ते फार लागले. तो तडक बंडूशेठ साळिंदराच्या दुकानात गेला. बंडूशेठचे टायरचे दुकान जोरात चाले, कारण तो रोज पहाटे रस्त्यावरून फिरायला जाई.

"बंडूशेठ, गाडीचं काहीतरी करा," भिकाजी म्हणाला. "लोकांनी वळून बघितलं पाहिजे."

"करायला काय, सगळं करता येतं," बंडूशेठ म्हणाला. "उंची आहे, स्प्रिंगा आहेत, टायर आहेत. पण काय करायचं ते मी सांगत नसतो. गाडी पारावर उभी कर. समाज सांगेल."

त्या जंगलात तशी रीतच होती. गाडीत काही बदल करायचा तर बाजाराच्या दिवशी ती पारासमोर उभी करायची आणि सगळ्यांनी मत द्यायचे. ती चालताना कशी आहे हे कोणी विचारत नसे, कारण चालायला लागल्यावर ती पारावरून दिसत नसे.

गाडी उभी राहिली. पहिले बोलले हत्ती दादासाहेब.

"उंच करा," ते म्हणाले. "गाडीच्या खालून वारा गेला पाहिजे. माझ्या पोटाखालून ससा उभ्याने जातो. हिच्याखालून निदान कोल्हा जाऊ दे."

दादासाहेबांचा आवाज सगळ्यात मोठा. तेव्हा तेच ठरले. बंडूशेठने लांबलचक स्प्रिंगा घातल्या आणि वाड्याच्या दरवाजाएवढे टायर बसवले. पूर्ण वळण घेतले की टायर मडगार्डला घासून खर्रर्र असा आवाज येई. लोकांना तो आवाज विशेष आवडला.

"मला बसता येईल ना रे?" आबांनी विचारले.

"पायरी लावून घेऊ, आबा," भिकाजी म्हणाला. पण पायरी लावली की एस.टी. दिसते असे पारावर ठरले, आणि पायरी राहिली.

एकोणिसाव्या सोमवारी आबा सवयीप्रमाणे दाराकडे पाठ करून मागे टेकले. सीट त्यांच्या डोक्याच्याही वर होती. आबा जमिनीवर बसले. मग दादासाहेबांनी त्यांना सोंडेने उचलून आत ठेवले. घाटातल्या प्रत्येक वळणावर गाडी अशी कलली, की आबा एकदा दरीकडे बघत होते आणि एकदा आभाळाकडे. वैद्यीणबाईंकडे हत्ती नव्हता. तेव्हा आबा वरच बसून राहिले, आणि त्या म्हाताऱ्या बाईने स्टुलावर चढून लेप लावला. घरी आले तर दादासाहेब नदीवर गेलेले. ते परत येईपर्यंत आबा अंगणात गाडीतच बसून होते. चहा त्यांना काठीला बांधून दिला.

एक चमत्कार मात्र झाला. आधी वैद्यीणबाईंचे घर सहा किलोमीटरवर होते. आता गाडीचा काटा साडेपाचच दाखवत होता. बातमी पारावर पोहोचली. मोठ्या टायरांनी रस्ता आखडतो, हे सिद्ध झाले.

"चाक मोठं म्हणून फेरे कमी," आबा म्हणाले. "रस्ता आहे तेवढाच आहे."

पण आबांचा आवाज लहान होता.

पुढच्या बाजारी ताराबाई घोरपड बोलल्या. त्यांचा आवाज आबांपेक्षाही लहान. पण घोरपडीचे तुम्हाला माहीत आहे. एकदा धरले की सोडायचे नाही. त्यांनी मुद्दा धरला तो दोन दिवस धरून बसल्या.

"खाली घ्या," त्यांचे म्हणणे. "आमच्यात पोट टेकल्याशिवाय कोणी वळत नाही. जमिनीला धरून असावं. ही गाडी आहे का मचाण?"

दोन दिवसांनी लोक कंटाळले आणि त्यांना ते पटले. बंडूशेठने करवत घेतली आणि चारही स्प्रिंगांची वेटोळी कापून टाकली. कापलेली स्प्रिंग आखूड होते आणि कडकही होते, पण ते पारावरून दिसत नाही. टायर घातले पापडासारखे. गाडी इतकी खाली आली, की तिच्याखालून मुंगी गेली तर तिला वाकावे लागले असते.

विसाव्या सोमवारी आबा गाडीत विहिरीत उतरावे तसे उतरले. रस्त्यातला प्रत्येक खडा कोणत्या ओढ्यातून आणला आहे, हे त्यांच्या पाठीला कळू लागले. पहिल्या गतिरोधकावर गाडीचे पोट अडकले. वजन कमी करायला आबांना खाली उतरणे भाग होते. दोन वानरांनी त्यांना ओढून काढले. गाडी सुटली, आबा पुन्हा आत गेले, आणि दुसरा गतिरोधक आला. असे अकरा गतिरोधक होते. चौथ्यानंतर आबा म्हणाले, "मी बाहेरच बरा." मग गाडी अडकत अडकत पुढे, आणि आबा काठी टेकत टेकत मागे. उन्हे डोक्यावर यायला चार हात उरले असताना विसावा लेप लागला.

त्या दिवशी भिकाजीला वाईट वाटले. खरोखर वाईट वाटले. एकच लेप उरला होता, आणि तो चुकला तर वीस सोमवार मातीत जाणार होते. तो बंडूशेठकडे गेला आणि म्हणाला, "गाडी होती तशी करून द्या."

"कापलेली स्प्रिंग वाढत नाही," बंडूशेठ म्हणाला. "ती पालीची शेपटी नव्हे. जुन्या टायरांचे हरणांच्या पोरांनी झोपाळे केलेत."

"मग आहे ते काय?"

बंडूशेठने माळ्यावर शोधले. एक लांब स्प्रिंगांची जोडी सापडली. ती त्याने पुढे घातली. मागच्या होत्या तशाच कापलेल्या राहिल्या. पुढे टायर मोठे, मागे पापडाचे. गाडी पुढून उंच झाली आणि मागून टेकली. भिकाजी तिच्याकडे बघत राहिला. आयुष्यभर जे लपवले ते आता चार चाकांवर उभे होते.

एकविसावा सोमवार उजाडला. आबा मागच्या सीटवर, पाठीवर पडल्यासारखे, गुडघे वर करून बसले होते. गाडी पारापाशी आली आणि गर्दीने ती अडवली.

लोक एकदा गाडीकडे बघत होते, एकदा भिकाजीकडे.

"हुबेहूब मालक," दादासाहेब म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. "इतक्या वर्षांत असं काही पाहिलं नाही. भिकाजीराव, आज सुंदर गाडीची स्पर्धा आहे. गाडी इथंच उभी राहू दे."

भिकाजीला आजपर्यंत कोणी राव म्हटले नव्हते. त्याच्या गळ्यात हार पडला. गाडीला हार पडला. ताराबाई बॉनेटवर चढून बसल्या आणि सुटेनात.

"आबा, पाच मिनिटं," भिकाजी मागे वळून म्हणाला.

आबांनी आभाळाकडे पाहिले. उन्हे चढत होती. त्यांनी दार उघडले, जमिनीवर हात टेकले, आणि कोणाच्याही मदतीशिवाय रांगत बाहेर आले.

"तू थांब," ते म्हणाले. "मी होतो पुढं."

पाच मिनिटांचे किती झाले ते मी सांगत नाही. भाषणे होती. पहिले बक्षीस भिकाजीला मिळाले तेव्हा सावल्या पायाखाली आल्या होत्या, आणि तेव्हा कुठे त्याला आबा आठवले. त्याने गाडी काढली. ती पहिल्याच गतिरोधकावर मागून टेकली. मग तो हारासकट पळत सुटला. घाट चढताना प्रत्येक वळणावर त्याला वाटे, आबा इथे कडेला बसलेले दिसतील. ते कुठेच दिसत नव्हते. आपण मुलगा म्हणून कवडीमोलाचे आहोत, असे तो त्या घाटात मोठ्याने म्हणाला. ऐकायला कोणी नव्हते.

वैद्यीणबाईंच्या ओट्यावर आबा पाय हलवत बसले होते.

"लेप चुकला ना?" भिकाजीने धापा टाकत विचारले.

"चुकला," वैद्यीणबाई म्हणाल्या. "आता लावायची गरजच उरली नव्हती. सांधे मोकळे झालेत त्यांचे. मी वीस आठवडे म्हणत होते, वर्षानुवर्षं बसून राहिल्यावर नुसत्या मुळ्या काय करणार? यांना चालायला कोणी लावलं?"

आबांनी भिकाजीकडे पाहिले. त्याच्या गळ्यात हार अजून होता.

"मुलानं सोय केली," आबा म्हणाले.

हे वाक्य एका वानराने ऐकले. जंगलात बातमी न्यायला एक वानर पुरतो. भिकाजी घरी पोहोचायच्या आत सगळ्यांना कळले होते, की त्याने बापाचे गुडघे बरे करण्यासाठी आपली चांगली गाडी तीनदा मोडली, लोकांचे ऐकून घेतले, आणि असली विचित्र गाडी मिरवत स्वतःचे हसे करून घेतले. दादासाहेबांनी पारावर त्याचा सत्कार ठेवला. पुढच्या बाजारी बंडूशेठच्या दुकानापुढे रांग लागली. ज्यांच्या घरात म्हातारे होते, त्यांनी कोणी गाडी उंच केली, कोणी टेकवली. ज्यांच्या घरात नव्हते, ते बिचारे साध्या गाडीतून खाली मान घालून फिरू लागले.

सत्काराच्या वेळी भिकाजी उठला. खरे काय ते सांगून टाकायचे, असे त्याने ठरवले होते. त्याने तोंड उघडलेही. पण टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत आबा बसले होते. ते चालत आले होते आणि चालत जाणार होते. तेही टाळ्या वाजवत होते. भिकाजी खाली बसला.

तात्पर्य : मुलांनो, वडिलांना रोज नीट बसवून नेणाऱ्या मुलाला जग ड्रायव्हर समजते. त्यांना उन्हातून चालत पाठवणाऱ्याला सुपुत्र म्हणते. गाडी मात्र बघण्यासारखी हवी.