शेवंताचं संमतिपत्र

वडगाव रासाईच्या शाळेत सातवीला शिकवणाऱ्या जस्मिन ओहोळबाईंनी एक कादंबरी लिहिली आणि ती पोरांना आवडली. लिहिली होती तोवर कुणाची काही तक्रार नव्हती. आवडली म्हटल्यावर प्रकरण संस्थेकडं गेलं.

कादंबरी अशी. गटगट्या नावाचा राक्षस एका घोटात भीमा नदी पिऊन टाकतो. पाण्याबरोबर एक होडी आणि होडीबरोबर होडीवालाही त्याच्या पोटात जातो. होडीवाल्याची अकरा वर्षांची बिनआईची पोर, शेवंता, आजीचा कोयता घेते आणि कोरड्या पात्रातून बापाला सोडवायला निघते. शनिवारच्या शेवटच्या तासाला बाई एकेक प्रकरण वाचून दाखवत. अशी एकोणीस झाली. शेवंता राक्षसाच्या जबड्यात पाऊल ठेवते, नेमक्या तिथं बाई थांबल्या आणि विसावं प्रकरण छापील पुस्तकातच वाचा म्हणाल्या. त्यांची लेक इवा त्याच वर्गात होती. तिनं घरी दोन दिवस अबोला धरून पाहिला, पण बाई बधल्या नाहीत.

पुस्तक संस्था छापणार होती. रौप्यमहोत्सवानिमित्त एक बालसाहित्यकृती काढून ती शिरूर तालुक्यातल्या वडगावच्या आणि दौंड तालुक्यातल्या वरवंडच्या, अशा दोन्ही शाळांत वाटायचा ठराव झाला होता. ठराव म्हटला की छाननी समिती आलीच. अध्यक्ष आनंदराव आप्पा, साठ एकर बागायतीचे धनी. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो उलटा करून मागं काय लिहिलंय ते बघायची त्यांना सवय. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. या गोष्टीत वाईट माणूस एकही नाही, तीच तर पंचाईत आहे.

आप्पांनी कादंबरी खरोखरच वाचली. बाप गिळला जातो तिथं त्यांनी चष्मा काढून डोळेही पुसले. मग चष्मा परत चढवून म्हणाले, "बाई, लई झकास जमलंय. फकस्त एकच विचारतो. ही पोरगी शाळेच्या वेळात नदीत उतरती. पालकाचं संमतिपत्र कुठंय?"

बाईंना वाटलं, आप्पा चेष्टा करतायत. पण मागं एका सहलीत एका पोराचा पाय मुरगळला, तेव्हापासून संमतिपत्राशिवाय पोरगं फाटकाबाहेर जायचं नाही असा संस्थेचा दंडक होता. बाईंनी मुकाट्यानं एक परिच्छेद वाढवला. शेवंता आधी पालकाची सही घेते, मगच कोयता घेते.

त्यावर सदस्या कस्तुराबाईंनी शंका काढली, आणि शंका रास्त होती. पालक तर राक्षसाच्या पोटात. आजीची सही चालेना, कारण फॉर्मवर आजीचा रकानाच नव्हता. मग असं सुचलं की फॉर्म राक्षसाला गिळायला द्यावा आणि बापानं आतल्या आत सही करावी. सही झालेला फॉर्म बाहेर कसा यायचा यावर थोडी चर्चा झाली, पण समितीत महिला सदस्य असल्यानं ती अर्धवट सोडावी लागली. अखेर सर्वानुमते ठरलं की बाप ज्याच्या ताब्यात, तोच तूर्त पोरीचा पालक. सही गटगट्यानंच करावी.

इथं बाईंना हसू फुटलं. समितीत दुसरं कुणी हसलं नाही, तशी इतिवृत्तात नोंद आहे.

पुढची हरकत वरवंडच्या शाळेचे मुख्याध्यापक सत्यजीत सर यांची. दहाव्या पानावर राक्षस दौंडच्या बाजूला राहतो असं लिहिलं होतं. आमच्या तालुक्यात असलं काही नाही, असं ते म्हणाले. राक्षस अलीकडं आणावा तर आप्पा ऐकेनात. शेवंता मात्र दोन्हीकडच्यांना आपलीच हवी होती. तेव्हा शेवंताचं घर शिरूर तालुक्यात, आजोळ दौंड तालुक्यात, आणि राक्षस पात्राच्या बरोबर मधोमध, अशी वाटणी झाली. मधोमध राहणारा कुणाच्याच हद्दीत येत नाही, त्यामुळं नदी कुणी प्यायली याचीही चौकशी कुणाला करावी लागणार नव्हती.

त्यानंतर कोयता गेला. अल्पवयीन मुलीच्या हातात हत्यार नको म्हणून कार्यानुभवाच्या तासाची बोथट टोकाची कात्री आली. हजेरी बुडू नये म्हणून मोहीम दिवाळीच्या सुट्टीत ढकलली. मुलगी एकटी नको म्हणून सोबत एक शिक्षिका, एक शिपाई आणि प्रथमोपचार पेटी दिली. बाई प्रत्येक वेळी दात आवळून दुरुस्ती करत राहिल्या. शेवट शाबूत राहिला म्हणजे झालं, असं त्या मनाला बजावत होत्या.

शेवटाची पाळी आली. विसाव्या प्रकरणात शेवंता राक्षसाचं पोट फाडून बापाला आणि नदीला बाहेर काढते. आप्पांनी पान उलटं केलं, सुलटं केलं.

"ह्ये न्हाई जमायचं, बाई. संमतिपत्रावर सही कुणाची? गटगट्याची. म्हंजी तो पालक झाला. आपल्या शाळेच्या पालकाला आपल्याच पोरीनं फाडायचं? त्यापरीस शाल-नारळ देऊन सत्कार करू. शिक्षणाचं महत्त्व सांगून दोन शब्द बोलंल तो."

"आणि तिचा बाप?" बाईंनी विचारलं.

"तो आत सुखरूप हाय, आसं एक वाक्य टाका की."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं. तीन वर्षं घासूनपुसून लिहिलेलं बाड त्यांनी आप्पांच्या पुढ्यातून उचललं आणि पिशवीत कोंबलं. त्याच पावली त्या आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडं गेल्या. पुस्तक निघो न निघो, येत्या शनिवारी विसावं प्रकरण जसंच्या तसं, कोयत्यासकट, वर्गात वाचणार म्हणाल्या.

मुख्याध्यापकांनी लगेच होकार दिला. फक्त त्रेचाळीस पोरांच्या त्रेचाळीस पालकांची 'विसावे प्रकरण ऐकण्यास हरकत नाही' अशी चिठ्ठी तेवढी आणा, म्हणाले.

चिठ्ठ्या घरोघर गेल्या. नाही कुणीच म्हटलं नाही. उलट, बाई, पोरगं रोज तेच विचारतंय, असं जो तो कौतुकानं सांगत होता. पेन हातात घेऊन प्रत्येकानं एवढंच विचारलं, बाकीच्यांनी केली का? बाकीच्यांनीही तेच विचारलं असल्यानं शुक्रवारपर्यंत एकही सही झाली नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी बाई भाकरी थापत होत्या. इवानं दप्तरातून चुरगळलेली चिठ्ठी काढून परातीशेजारी ठेवली. त्रेचाळिसावी. बाईंनी हात धुतले, पुसले, पेनाचं टोपण काढलं. मग सहज मोबाईल पाहिला. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, 'सह्या झाल्या का कुणाच्या?' खाली ओळीनं जोडलेले हात होते. बाईंच्या मनात आलं, आपलीच एकटीची सही गेली तर लोक म्हणतील, हिची कादंबरी, हिचीच पोर, हिलाच घाई. उद्या कुणाच्या पोरानं घरातला कोयता उचलला तर बोट आपल्याकडंच. बदलीचंही तोंडावर आलेलं.

त्यांनी टोपण लावलं.

"बाकीच्यांच्या येऊ दे गं. आपली कुठं पळून जातीय?"

इवानं चिठ्ठी उचलली, मांडीवर ठेवून सपाट केली आणि पुन्हा दप्तरात घातली.

"मम्मी, शेवंताच्या आजीनं कोयता देताना शेजारी विचारलं होतं का गं?"

बाई चुलीकडं वळल्या. तव्यावरची भाकरी करपली होती.

तर शेवंता अजून तिथंच आहे. एक पाय काठावर, एक गटगट्याच्या खालच्या दातावर. बाप आत सुखरूप आहे. फॉर्म तिच्या हातात आहे आणि सहीची जागा मोकळी आहे. तुमच्या खिशाला पेन असेलच.

नाही, बाकीच्यांनी अजून केलेली नाही.