बाय संडे

आमच्या ऑफिसात 'बाय' या इंग्रजी शब्दाचा मालक मीच. आर्वीतल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी आवक-जावक कारकून. आलेलं प्रत्येक पाकीट रजिस्टरात चढवायचं आणि पुढे लिहायचं, 'बाय पोस्ट' नाहीतर 'बाय हँड'. बारा वर्षं हेच. आता इतक्या वेळा लिहिलेला शब्द माणसाला येतो, असं मी समजत होतो. (इथेच माती खाल्ली.)

सत्त्याण्णव सालची गोष्ट. माझी धाकटी बहीण गुंजन, तिला बघायला भिलाईचे पाहुणे येणार होते. मुलाचे वडील ताराचंदजी मूळचे इकडचेच, पण जन्म गेला तिकडे कारखान्यात मेमो लिहिण्यात. त्यामुळे पत्रसुद्धा इंग्रजीत टाइप केलेलं. बायोडाटावर मी भाव खायला ऑफिसचा पत्ता दिला होता, तिथेच ते आलं. कामाची ओळ एकच होती : 'वुई शॅल रीच आर्वी बाय संडे.'

"मंग कवा येऊन राह्यले?" मायने विचारलं.

मी ओळ तीनदा वाचली. बाय पोस्ट माहीत, बाय हँड माहीत. हे बाय संडे कुठलं वाहन? पण घरच्यांसमोर अडाणी कोण ठरेल!

"रविवारी," मी ठणकावून सांगितलं.

"दादा," गुंजन दारातून म्हणाली, "बाय संडे म्हंजे रविवारपर्यंत. आंधीबी येऊ शकतात ते."

"तुले पाह्याले येऊन राह्यले ना? मंग तू मधात बोलू नको. जिचं लगन, तिनं पत्र वाचत नसते!" (पोरगी इंग्रजी घेऊन बीए झालेली. पण रीत ती रीत.)

"एकडाव डिक्शनरी तं पाहा जी," बायको शकुंतला म्हणाली.

पाहिली. एवढ्याशा 'बाय'ला हे भलंमोठं अर्थाचं लेंढार! पहिलाच अर्थ होता 'जवळ'. रविवारच्या जवळ म्हणजे रविवारच की! मी पुस्तक मिटलं. ('पर्यंत' हा अर्थ पान उलटल्यावर होता, हे नंतर कळलं.)

एवढी घाई करायला नको होती. कारण गुंजनचं हे तिसरं स्थळ. दुसरं माझ्यामुळेच मोडलं होतं. मी नवरदेव समजून त्याच्या मामाच्या गळ्यात हार घातला होता. आणि या खेपेला पोरीच्या मनात बसलं होतं. मुलाचा, आदेशचा, फोटो ती उशीखाली ठेवते, हे शकुंतलेने मला सांगून ठेवलं होतं. हे स्थळ गेलं तर तोंड दाखवायची सोय नव्हती.

म्हणून शुक्रवारी रजा टाकून मी घराला चुना मारायला घेतला. सामान सगळं अंगणात. माय आणि शकुंतला रोहण्याला गेलेल्या, शकुंतलेच्या माहेरून चिनीमातीचे बारा कप आणायला. गुंजनने डोक्याला मेंदी थापून वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. मी फाटक्या बनियनवर स्टुलावर उभा, पापण्यांपर्यंत चुना.

सकाळी दहाला दारात सायकलरिक्षा थांबली. उतरलेला पोरगा मी लगेच ओळखला. उशीखालचा फोटो! 

"हेमराजजी का मकान यही है?" सोबतच्या चष्मेवाल्या गृहस्थांनी विचारलं.

"हो जी."

"घर पर हैं क्या?"

खाली उतरून हात जोडायचे होते. पण त्या अवतारात मुलीचा भाऊ म्हणून कोण उभा राहणार? जीभ घसरली. "साहेब बाहेर गेले. मी पेंटर."

ताराचंदजी अंगणातल्या खाटेवर टेकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सच बताना भाई. आदमी कैसा है ये हेमराज?"

"लाखात एक!" मी भिंतीकडे तोंड करून म्हणालो. "देवमाणूस. हुशार तं इतके का इचारू नका. इंग्रजी म्हंजे पानी!"

आदेश माझ्याकडे जरा रोखूनच पाहत होता. तेवढ्यात गुंजन बाहेर आली. "दादा, पाणी तापलं—" आणि जागीच थिजली. मी कुंच्याने गप्प राहायची खूण केली. (चुना तिच्या पायावर उडाला.) तिने एकदा मला पाहिलं, एकदा त्यांना.

"पेंटरदादा," ती सावकाश म्हणाली, "उतरा खाली. पाव्हन्याईले पाणी द्या."

शाब्बास पोरी! मी उतरलो, तांब्या भरला, आणि तेवढ्यात फाटकातून मायचा आवाज आला.

"कारे हेमराज, अजून भितच रंगवून राह्यला? अन् हे कोन बसले?"

हातातला तांब्या ताराचंदजींच्या पायावर. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तो आप ही हेमराजजी?"

"बाय मिस्टेक," मी म्हणालो.

"हमने लिखा तो था. बाय संडे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गुंजन बोलू नये म्हणून मी मनात नवस बोललो. ती बोललीच. "मले समजलं होतं. पन माझ्या लगनाचं पत्र मी वाचू नाई म्हणे."

"मग कोणी वाचायचं?" आदेश पहिल्यांदाच बोलला.

"पेंटरनं," गुंजन म्हणाली.

आदेश हसला. ताराचंदजी नाही हसले. रोहण्याहून आणलेल्या कपातला चहा त्यांनी अर्धा ठेवला आणि उठताना म्हणाले, "जवाब भेजेंगे. बाय वेन्सडे."

आता मला अर्थ पक्का कळला होता. बुधवारपर्यंत, केव्हाही! सोमवारी ऑफिसात टपालाचा गठ्ठा आला, तर मी पाकीट अन् पाकीट दोनदा पाहिलं. भिलाईचं नाही. मंगळवारी नाही. बुधवारी तर मी पोस्टमनची पिशवीच उलटी केली. तिकडे गुंजनने फोटो उशीखालून काढून फळीवर पालथा ठेवला. 

बुधवारी संध्याकाळी मी तिच्यापुढे बसलो. "चुकलं माझं, बाई. तुलेच वाचू द्याले पायजे होतं."

"आता काऊन सांगून राह्यला दादा?" एवढंच म्हणून ती आत गेली. मला जेवण गेलं नाही.

गुरुवारी सकाळी मॅनेजरसाहेब आठवडाभराच्या दौऱ्यावरून परतले आणि त्यांनी मला हाक मारली. "हे माझ्या ट्रेमध्ये काय ठेवलं, हेमराज?"

पाकीट भिलाईचं. सोमवारी सरकी न्यायला आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरने आणून दिलेलं. वर माझ्याच अक्षरात आवक नंबर, माझीच सही, आणि 'बाय हँड'. माझे डोळे सगळे 'बाय पोस्ट'च्या गठ्ठ्यावर! कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत होतं 'बाय नेम'. तसं पाकीट कारकुनाने उघडायचं नसतं, सरळ साहेबांच्या ट्रेमध्ये टाकायचं असतं. मी टाकलं होतं. नेम काय आहे तेवढं वाचलं नव्हतं. कुमारी गुंजन.

सायकल हाणत घरी आलो आणि पाकीट तिच्या हातात दिलं, बंदच. तिने मनातल्या मनात वाचलं. माय देवापुढे हात जोडून उभी.

"सांग ना वं पोरी!"

"आदेशनं लिवलं," गुंजनचे डोळे भरून आले, "त्याईले मी पसंत हावो. तो मले पसंत असन तं मीच कळवावं म्हणे. अन् यापुढची पत्रं मीच वाचावी."

मायने तिथेच तिची दृष्ट काढली.  तोवर गुंजन खालची ओळ वाचून डोळे पुसता पुसता हसायला लागली.

"खाली त्याईच्या बाबानं लिवलं दादा. लगनात त्या पेंटरले जरूर आना. जाताना स्टँडवर आमी चार लोकाईले इचारलं. हेमराजजीबद्दल चांगलं बोलनारा पुऱ्या आर्वीत तो एकटाच भेटला."