प्रयाग सिस्टरांचा नववा सूर

“सातवा लागलाय! आता आडवून धरता येत न्हाई. सोडवायलाच पायजे!”

आमच्या ओट्यावरून हे वाक्य रस्त्यावर गेलं आणि नव्यानेच नांदूरघाटला बदलून आलेले ग्रामसेवक मोटारसायकल तशीच टाकून धावत आले. “कोण अडलंय? जीप बोलावू का?” पाहतात तर ओट्यावर मी गिटार छातीशी धरून घामाघूम बसलेलो आणि समोर प्रयाग सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या.

“कोणी न्हाई अडलं,” सिस्टर म्हणाल्या. “सरांची जी सेव्हन्थ कॉर्ड अडली.”

सिस्टर आमच्या उपकेंद्रातून निवृत्त झालेल्या नर्स. चाळिशीच्या आतलं निम्मं गाव त्यांच्या हातांनी जगात आलेलं. त्यामुळे त्यांना कुणाचा धाक नाही. भर ग्रामसभेत त्या सरपंचाला “गप बस रे, पायाळू” म्हणतात आणि तो बसतो.

निवृत्तीच्या वेळी लोकांनी साडी आणि भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरवलं होतं. सिस्टर म्हणाल्या, “घड्याळ नको. जन्मभर घड्याळच बघितलं. गिटार द्या.” लोक हसले. मग कळलं, बाई गंभीर आहेत. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक तरुण डॉक्टर राहायचा, तो गिटार वाजवायचा आणि सिस्टर भिंतीला पाठ लावून ऐकत बसायच्या. बदली होण्याआधी त्याने त्यांना तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांचे तीन जुडगे, शिकवले. पुढचं सगळं मोबाइलवर. आणि आपल्याला येऊ लागल्यावर त्यांनी मला शिष्य केलं.

साध्या कॉर्डांचा त्यांना दोन महिन्यांत कंटाळा आला. “तीन सुराची कॉर्ड म्हंजी नुसता वरणभात, सर. सा, ग, प, झालं जेवण! त्याच्यावर सातवा चढवला की कळा सुरू व्हत्यात. त्यो सूर तिथं राहतच न्हाई, त्याला घरी जायचं असतंय.”

“आणि नववा?”

“नववा म्हंजी री. तीच री, पण वरच्या सप्तकातली. लग्न होऊन नांदायला गेलेली पोरगी दिवाळीला घरी आली की कशी दिसती? तीच असती, पण येगळी दिसती. तशी.”

हे मला एकाही पुस्तकात सापडलं नसतं.

नवव्यावर अकरावा, अकराव्यावर तेरावा. एवढे सूर आणि डाव्या हाताला कामाची बोटं चार. मी विचारलं, “हे सगळं धरायचं कसं?”

“सगळ्यांना कावून धरता? पाचवा सोडून द्या. त्याच्यावाचून काई अडत न्हाई.”

त्यांची वहीही बघण्यासारखी. म्हणजे वही नव्हेच. उपकेंद्रातून रद्दीत निघालेली कोरी लसीकरण कार्डं. त्यांतल्या चौकटींत त्यांनी कॉर्डांचे ठिपके काढलेत. एक कॉर्ड नीट वाजली की त्या चौकटीवर बरोबरची खूण करतात आणि तारीख घालतात. “तेराव्याचा डोस अजून ड्यू हाय,” असं त्या मला एकदा काळजीने म्हणाल्या होत्या.

मला त्या शिकवायच्या त्याही जुन्याच सवयीने. एफ कॉर्डला पहिल्या बोटाने सगळ्या तारा दाबाव्या लागतात. बोटाला कळ लागली की त्या माझ्या पाठीवर हात ठेवायच्या. “श्वास घ्या. दात खाऊ नका. आजून थोडं. आलंच, आलंच, आलंच...” आणि भद्द असा आवाज आला की निराश होऊन, “न्हाई. खोट्या कळा.”

एकादशीच्या भजनात मात्र त्यांनी कहर केला. केरबा बप्पा तीस वर्षं पेटी वाजवतात. सिस्टर त्यांच्या शेजारी गिटार घेऊन बसल्या आणि प्रत्येक ओळीला नववा, अकरावा लावू लागल्या. टाळकरी एकमेकांकडे बघायला लागले. दोन म्हातारे भलत्याच पट्टीत निघून गेले. शेवटी बप्पांनी भाता बंद केला.

“सिस्टर, अभंग आपल्या गावचा हाय. तुमी त्याला कुठं घेऊन चालल्या?”

“भिऊ नका, बप्पा. केस हातात हाय. बाहेर रेफर करायची येळ येऊ देत न्हाई.”

बप्पांनी पेटीला कुलूप लावलं. पुढच्या एकादशीला सिस्टरांना निरोप आला नाही.

त्याच सुमारास माझी मुलगी मेघा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सिस्टर रोज दुपारी यायच्या. आधी हात धुणार, मग पोट बघणार, मग गिटार काढणार. मेघा हसून म्हणायची, “मावशी, ती लांबलचक नावाची कॉर्ड नको. आतलं लाथा मारतंय.” सिस्टर म्हणायच्या, “मारू दे. कान तयार झालेत.”

तारीख उलटून तीन दिवस झाले. सिस्टर गिटार घेऊन आमच्याकडेच मुक्कामाला आल्या. माझी बायको मंदा सारखी देवासमोर जाऊन उभी राहायची. मी उगाच मीटरचं रीडिंग बघून यायचो. चौथ्या दिवशी पहाटे कळा सुरू झाल्या, खऱ्या. आम्ही जीप करून तालुक्याला, केजला निघालो. घाईत गिटार खाली ठेवायचंही सुचलं नाही म्हणून तीही सिस्टरांच्या मांडीवर.

दवाखान्यात पोचताच सिस्टर पदर खोचून मेघाबरोबर आत निघाल्या. दारात एका तरुण नर्सने त्यांचा हात धरला. अगदी आदराने म्हणाली, “मॅडम, तुम्ही बाहेर बसा. आता आम्ही बघतो.”

हेच वाक्य सिस्टरांनी किती बायकांना ऐकवलं असेल. मग त्यांनी खोचलेला पदर सोडला आणि त्या बाकावर आमच्यात येऊन बसल्या. दोन तास त्यांनी तार छेडली नाही. नुसती बोटं गिटारच्या पट्ट्यांमधल्या या घरातून त्या घरात फिरत होती.

अकराच्या सुमाराला आतून रडणं ऐकू आलं. मंदाने माझा दंड इतका घट्ट धरला की तो दिवसभर दुखत होता. सिस्टरांनी डोळे मिटून ऐकलं. “चांगलं रडलं. छाती मोकळी झाली,” एवढंच म्हणाल्या.

मुलगी झाली होती. जावयाला फोन, पेढे, नाक कुणासारखं यावरून वाद. या गडबडीत तासाभराने लक्षात आलं, सिस्टर कुठे दिसत नाहीत.

त्या वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला सापडल्या. कोपऱ्यातल्या खाटेवर विशीतली एक बाळंतीण होती. नवरा आणि सासू ऊसतोडीला कर्नाटकात गेलेले. शेजारीण तिला पोचवून परत गेलेली. बाळ कुशीत झोपलं होतं आणि सिस्टर खाटेशेजारी स्टुलावर बसून गिटार वाजवत होत्या. इतकं हळू, की जवळ गेल्यावरच ऐकू यावं. सा, ग, प, वरणभातासारखे साधे सूर. त्या पोरीने त्यांच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं आणि धरूनच तिला झोप लागली होती.

“सिस्टर, जीप आली. मेघाजवळ मंदा राहतेय. चला, तुम्हाला घरी सोडतो.”

त्यांनी मान हलवली. “तुमी व्हा म्होरं. हिचा माणूस निघालाय तिकडून, उद्या सकाळपतुर येईल. तवर बसते.”

“अहो, पण तुम्ही सकाळपासून जेवला नाहीत. घरी...”

“घरी कोण हाय, सर?” त्या सहज म्हणाल्या. नवरा लग्नानंतर दोनच वर्षांत गेला, हे मला माहीत होतं. त्यांच्या तोंडून मात्र कधी ऐकलं नव्हतं.

मग पदर ओढला जाऊ नये म्हणून त्या तशाच वाकून बसल्या आणि आवाज अजून खाली आणून म्हणाल्या, “ही झोपायच्या आधी म्हनली, ‘मावशी, थांबा.’ रिटायर झाल्यापासून मला कोणी थांबा म्हनलं नव्हतं.”

मी पेढ्यांचा पुडा खाटेच्या कडेला ठेवला. मेघाच्या खाटेशी जाऊन मंदाला सांगितलं. तिने काही न विचारता आमच्या डब्यातल्या दोन भाकरी काढल्या, त्यावर पिठलं घातलं आणि स्वतःच उठून त्या कोपऱ्याकडे घेऊन गेली.