तोंड उघडा, मग बोलू

माझे सासरे, तात्या, वारले. मी शाळेत शिकवत होते. ह्यांचा फोन आला. मी वर्गाबाहेर आले, ऐकलं, पिशवी घेतली आणि घरी आले.

नंतर लोक भेटायला येत राहिले. ओट्यावर बसत, चहा घेत, तात्यांच्या आठवणी काढत. मी आतून पाहत होते. बोलता बोलता एकेकाचा हात आपोआप तोंडावर जायचा. मग त्याच्या लक्षात यायचं, की आता तोंड झाकायचं काही कारण उरलेलं नाही. हात सावकाश खाली यायचा. एक गृहस्थ तर असा हात खाली घेतानाच रडले.

कारण तात्या माणसाचा चेहरा पाहायच्या आधी दात पाहायचे.

त्यांचा सगळा जन्म बैलबाजारात गेला. बैल विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभं राहून सौदा पटवून देणं हा त्यांचा धंदा. बैलाचं वय दातांवरून कळतं. दुधाचे दात असतील तर तो आदत, मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि सगळे दात आले की जुळलेला. विकणारा वय कमी सांगणार, घेणारा विश्वास ठेवणार नाही, आणि मधे तात्या एका हाताने बैलाचं नाक धरून दुसऱ्या हाताने त्याचा ओठ वर करणार. त्यांनी सांगितलेलं वय कुणी खोडून काढत नसे. ही सवय बाजारापुरती राहिली असती तर काही बिघडलं नसतं. पण तात्या बाजारातून घरी यायचे तेव्हा ती सवयही बरोबर यायची.

मला पाहायला ते हिंगोलीला आमच्या घरी आले तो प्रसंग माझे वडील शेवटपर्यंत विसरले नाहीत. वडील कोर्टात कारकून. घरात हळू बोलायची पद्धत. सासूबाईंनी शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. तात्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग एकदम म्हणाले, "पोरी, जरा हास."

मी घाबरून हसले. तात्यांनी मान वाकडी करून पाहिलं आणि वडिलांकडे वळले. "वय बराबर सांगितलं तुमी. अक्कलदाढ आता येऊन राहिली. लबाडी न्हाई. सोयरीक करायला हरकत न्हाई."

वडिलांचा चेहरा लाल झाला. माझी मात्र भीती गेली. माझ्या तोंडात डोकावून का होईना, हा माणूस माझ्या बापाला खरा म्हणाला होता.

"तोंड उघडा, मग बोलू" हे त्यांचं पालुपद. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एक उमेदवार मत मागायला आला, त्याला त्यांनी ओट्यावरच आ करायला लावला आणि म्हणाले, "डावी बाजू पुरी सडली तुमची. बत्तीस दात सांभाळणं व्हईना, अन् गाव काहून मागून राहिले?" टीव्हीवरच्या बातम्या ते ऐकायचे नाहीत, पाहायचे. बातम्या सांगणाऱ्या एका बाईंचे दात त्यांना फार आवडत, दुसऱ्या एका गृहस्थांवर त्यांचा राग. "पुरे नवे बसवलेले हाईत. याचं ऐकू नका." गावातल्या लग्नांमध्ये फोटोवाला "हसा" म्हणाला आणि तात्या त्याच्या शेजारी उभे असले, की समोरची अख्खी रांग ओठ मिटून घ्यायची. आमच्या या हिंगोलीकडच्या गोरेगावातले लग्नाचे फोटो पाहिले तर वाटेल, सगळ्यांना जबरदस्तीने बोहल्याशेजारी उभं केलंय.

मला दिवस गेले ते दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. त्यामुळे या खेपेला घर जपून चालायचं. सासूबाई मला बादली उचलू देत नसत. हे मोबाईलवर काहीबाही वाचायचे आणि वाचलेलं सगळंच त्यांना खरं वाटायचं.

पाचव्या महिन्यात माझी डावीकडची खालची दाढ दुखायला लागली. आधी थंड पाण्याने, मग गरम चहाने, मग कशानेही नाही, नुसतीच. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर दवाखाना, दवाखाना म्हटलं की सुई, औषध, आणि त्यातलं काय बाळापर्यंत पोचेल कोण जाणे. लवंग धरायची आणि गप्प राहायचं, असं मी ठरवलं. पुस्तक उघडून बसायचं. पानं मात्र उलटत नसत.

एका सकाळी जेवताना तात्यांनी भाकरीचा तुकडा हातातच धरला.

"सूनबाई उजव्या बाजूनंच चावून राहिली," ते सासूबाईंना म्हणाले. "लई दिवसांपासून बघून राहिलो. काल तर अर्धी भाकर कुस्करून दुधात घातली. तोंड उघड बाई, मग बोलू."

मी तोंड उघडलं. तात्यांनी लांबूनच पाहिलं, पण चेहरा बदलला. "हिरडी सुजली. पू हाय आत."

सासूबाईंच्या हातातली पळी थांबली. "बाळंत झाल्यावर बघू. दोन जीवाच्या बाईच्या तोंडात लोखंड घालत न्हाईत."

"अन् तवर काय खायचं तिनं?"

"पेज खाईल. मी करून देईन. मागच्या बारीला काय झालं ते इसरले का तुमी?"

ह्यांनी दोन्ही बाजूंना पटेल अशी मान हलवली.

"बैल रवंथ करीना झाला," तात्या हातातला तुकडा ताटात ठेवून म्हणाले, "तर त्याचा मालक डोळ्याला डोळा लावत न्हाई. अन् हितं सून जेवीना, अन् तुमी म्हणून राहिले, चार महिन्यांनी बघू."

"सून हाय ती, बैल न्हाई!"

"म्हणून तर म्हणून राहिलो. बैलाला तकलीफ सांगता येत न्हाई. हिला येती, शाळेत पोरांना घंटाघंटा सांगती, अन् स्वतःची दाढ सांगंना."

दुसऱ्याच दिवशी आम्ही जीपने हिंगोलीला निघालो. पोटाची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना ह्यांनी फोन करून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, दातांच्या डॉक्टरांकडे जाच, थांबू नका. तरी सासूबाईंनी बरोबर यायचं ठरवलं, म्हणजे वेळ आली तर मला उठवून परत आणता येईल. ह्यांना रजा मिळाली नाही. मला वाटतं त्यांना थोडं हायसंच वाटलं असावं.

दाताच्या डॉक्टरबाई वयाने माझ्याएवढ्याच होत्या. मी आत गेल्या गेल्या आधी पाचवा महिना असल्याचं सांगितलं. "बरं झालं आधी सांगितलंत," त्या म्हणाल्या. "गरोदरपणात दातांचा इलाज करता येतो. आत्ताचे दिवस तर त्याला सोयीचे. पू तसाच ठेवणं जास्त धोक्याचं. तुम्हाला ताप येईल, जेवण जाणार नाही, ते बाळाला चांगलं नाही."

"सुई देणार का?" सासूबाईंनी विचारलं.

"दाढेपुरती बधिर करायची सुई. योग्य मापात दिली तर ती चालते. दुखणं सोसत पडून राहण्यापेक्षा ते बरं."

सासूबाईंनी माझा दंड धरला. तेवढ्यात तात्या पुढे झाले.

"आमची एक शर्त हाय डॉक्टरबाई. पहिले तुमी तोंड उघडा, मग बोलू."

"अहो, लाज धरा!" सासूबाई ओरडल्या. "डॉक्टर हाय ती!"

डॉक्टरबाई हसल्या, मास्क खाली ओढला आणि चक्क आ केला. तात्या दोन्ही हात पाठीमागे बांधून वाकले.

"उजवीकडची मागची भरलेली हाय."

"हो."

"कवा भरली?"

"माझा मुलगा पोटात होता तेव्हा. सहावा महिना होता. मैत्रिणीच्या दवाखान्यात भरून घेतली."

"सुईसकट?"

"सुईसकट."

"पोरगं कसं हाय?"

"पहिलीत आहे. दिवसभर बडबड करतो. समोरचे दोन दात पडलेत त्याचे."

तात्यांनी हिशेब केला. "मंग बराबर हाय. वेळेवर पडले." आणि सासूबाईंना म्हणाले, "सोड तिचा हात. माल खरा हाय."

दाढेचा एक लहानसा फोटो काढायचा होता. त्याआधी डॉक्टरबाईंनी माझ्या छातीपोटावर एक जड, शिशाचं आवरण घातलं. तात्या दारातून म्हणाले, "झूल घातली बघ." मग खुर्ची थोडी मागे झाली, माझ्या उजव्या कुशीखाली उशी आली आणि मला डावीकडे कललं ठेवलं गेलं. पोटाचा भार पाठीकडच्या शिरेवर येऊ नये म्हणून, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. सासूबाई बाहेर जपाला बसल्या. तात्या हलेनात.

"तुम्ही पण बाहेर बसा ना, आजोबा."

"मी गेलो तर हिची बाजू कोण सांगंल? तोंडात तुमचा हात असणार. ही बोलंल कशी?"

तात्यांनी स्टूल ओढलं, माझ्या बाजूला बसले, आणि खांद्यावरची दस्ती, मोठा रुमालच तो, काढून माझ्या हातावर पसरली. बैलबाजारात घेणारा आणि विकणारा असेच कापडाखाली हात घालतात. भाव तोंडाने बोलत नाहीत, बोटं दाबून सांगतात, म्हणजे भोवतीच्या लोकांना कळत नाही. सासऱ्याने सुनेचा हात धरायची आमच्याकडे रीत नाही. पण दस्तीखाली गेला की तो हात सुनेचा राहत नाही, सौद्याचा होतो. तात्यांचा हात कापडाखालून आला. जाड, खरखरीत, गरम.

"थोडं दुखलं तर एक बोट दाब. लई दुखलं तर मूठ आवळ. काईच न्हाई तर अंगठा."

सुई टोचली तेव्हा मी एक बोट दाबलं.

"थांबा डॉक्टरबाई! एक बोट आलं."

डॉक्टरबाई थांबल्या. मी अंगठा दाबला. "चालू द्या," तात्या म्हणाले. यंत्राचा आवाज सुरू झाला आणि मी घाबरूनच मूठ आवळली.

"थांबा! मूठ आली!"

दार धाडकन उघडून सासूबाई आत. "काय झालं? काय केलं तिला?" त्यांनी मला पाहिलं, मग दस्ती पाहिली, दस्तीखालचे दोन हात ओळखले. "अहो! सूनबाईचा भाव करून राहिले का काय?"

मला हसू आलं. तोंडात कापूस, ओठ बधिर, आणि पोट हलेपर्यंत हसू. डॉक्टरबाईंनी हत्यार बाजूला ठेवून हसून घेतलं. त्याच वेळी बाळाने आत लाथ मारली. पहिली. त्याआधी नुसतं फडफडल्यासारखं वाटायचं. ही लाथ होती. मला सांगता येईना, म्हणून मी दस्तीखाली सगळी बोटं एकदम दाबली. तात्या गोंधळले. "हे काय सांगून राहिली? हा भाव मला ठाऊक न्हाई." मी मोकळ्या हाताने पोट दाखवलं. सासूबाईंनी पोटावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

दाढ उपटावी लागली नाही. आतला पू काढला, नस साफ केली, औषध भरून वरून बंद केली. पुढच्या खेपेला परत यायचं, गोळ्या लिहून दिलेल्याच घ्यायच्या, घरातली कुठलीही दुखण्याची गोळी परस्पर घ्यायची नाही. उलटी झाली की लगेच दात घासायचे नाहीत, आधी पाण्याने चुळा भरायच्या. तात्यांनी हे सगळं माझ्या वतीने ऐकून घेतलं आणि प्रत्येक गोष्टीला "पटलं" म्हणाले.

परतीच्या जीपमध्ये माझा अर्धा चेहरा बधिर होता. सासूबाईंचा डोळा लागला होता. तात्या खिडकीबाहेर पाहत होते. सेनगाव मागे पडल्यावर ते हळूच म्हणाले, "लई दिवसांनी हात बोलला."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"आता बाजारात दस्ती कोण टाकतंय? फोनवर बैलाचा फोटो धाडतात, फोनवर भाव सांगतात. टॅक्टर आल्यापासून बैल तरी कुठं राहिले. माझ्या संगतीचे होते ते गेले. नव्या पोरांना बोटं समजत न्हाईत. मी जाऊन बसतो, चहा घेतो, येतो. कोणी हात देत न्हाई."

दर बाजारच्या दिवशी तात्या स्वच्छ धोतर नेसून, दस्तीची घडी खांद्यावर टाकून निघायचे. मला वाटायचं, कामाला जातात. संध्याकाळी मी "सौदा झाला का?" म्हणून विचारायचे, ते "आज न्हाई जमला" म्हणायचे. घरात सगळ्यांना तसंच वाटत होतं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, पण त्यांनी पदराचं टोक तात्यांच्या गुडघ्यावर सारलं होतं. झोपेत पदर असा सरकत नाही.

मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, वजनाने चांगली. दवाखान्यात तात्यांच्या हातात दिली तेव्हा ती रडत होती. त्यांनी तिच्या तोंडात नीट पाहिलं आणि जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "आदत हाय!"

तिला आधी त्यांची बोटं समजायला लागली, मग शब्द. ओट्यावर दोघं बसलेली असायची आणि मधे दस्ती. काय सौदे चालायचे ते आम्हाला कधी कळलं नाही. बाजाराच्या दिवशी तात्यांनी जाणं बंद केलं. "हितंच जमून राहिलं" म्हणायचे.

मुलगी आता दुसरीत आहे. सासूबाई आहेत. दाढेवर नंतर टोपी बसवली, ती टिकली आहे, आणि मी भाकरी दोन्ही बाजूंनी चावते.